काकडीचे उष्मांक आणि कामगाराची भाकरी

गेल्या पंधरवड्यात ठाकूरद्वारच्या नाक्यावर रस्ता ओलांडण्यासाठी थांबलो असता एका तरुणाने माझ्या हातात एक गुळगुळीत हस्तपत्रक ठेवले. ‘खा आणि जाळा’ असा त्याचा मथळा. काकडी, कोबी, मुळा, टोमॅटो आणि सेलरी नावाची विलायती भाजी यांची रंगीत चित्रे, आणि खाली असे प्रतिपादन की हे पदार्थ पचविताना शरीराला जेवढे उष्मांक खर्चावे लागतात तेवढे ते पदार्थ शरीराला देतच नाहीत. सबब जितके खावे तितके वजन घटते. सहा आठवड्यांच्या आहारयोजनेचे शुल्क शेवटी बारीक अक्षरांत दिले होते. आमच्या चाळीत धुणीभांडी करणाऱ्या बाईंना एवढी रक्कम मिळवायला दोन महिने लागतात.

हे पत्रक मी आमच्या शाखेतील एका तरुण सहकाऱ्याला दाखविले. तो हसून म्हणाला, “सर, पोट भरलेल्यांचे चोचले आहेत हे. आपण त्यात कशाला पडायचे?” त्याचे म्हणणे अनेक कार्यकर्त्यांना पटण्यासारखे आहे. मला ते पटलेले नाही. अन्न किती उष्मांक देते आणि ते मिळविण्यात व पचविण्यात किती जातात, या वजाबाकीवर या देशात किमान वेतन ठरले आहे, दारिद्र्याची रेषा आखली गेली आहे आणि दुष्काळातली मजुरी कापली गेली आहे. ज्या विषयाने आपल्या माणसांच्या ताटातली भाकरी दीड शतक मोजली, तो विषय आपण श्रीमंतांच्या हस्तपत्रकांवर सोडून द्यावा, हे मला मान्य नाही.

प्रथम पत्रकातील विधानाचा समाचार घेऊ. त्यात सत्याचा एक कण आहे आणि त्या कणावरच सारा व्यापार चालतो. अन्न चावणे, पचविणे, शोषणे आणि साठविणे यांना शरीराला ऊर्जा लागते हे खरे. परंतु किती? पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या पाच ते दहा टक्के, स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत फार तर तीन टक्के आणि प्रथिनांच्या बाबतीत वीस ते तीस टक्के. सर्वसाधारण मिश्र जेवणाचा हिशेब दहा टक्क्यांच्या आसपास बसतो. शंभर टक्क्यांच्या वर जाणारा पदार्थ आजवर कोणाला सापडलेला नाही. शंभर ग्रॅम काकडीत सुमारे पंधरा उष्मांक असतात. त्यातील काही भाग तंतुमय असल्याने तसाच बाहेर पडतो, काही पचनात जातो, आणि तरीही थोडे शिल्लक राहतातच. चावण्याने काही जळत असेल म्हणावे, तर नुसते चघळण्याने तासाला सुमारे अकरा उष्मांक अधिक खर्च होतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९९९ साली मोजले. म्हणजे एक काकडी ‘फेडण्यासाठी’ सव्वा तासाहून अधिक काळ चावीत बसावे लागेल. २०१९ साली अमेरिकेतल्याच काही संशोधकांनी एका जातीच्या सरड्यांना सेलरी खाऊ घालून सर्व जमाखर्च मांडला. पचनाचा खर्च आणि विष्ठेवाटे जाणारा भाग वजा केल्यावरही सरड्याच्या पदरात जवळजवळ एक चतुर्थांश ऊर्जा उरली. सरड्यालासुद्धा जे अन्न तोट्यात घालू शकले नाही, ते ठाकूरद्वारच्या गृहस्थाला कसे घालणार?

काकडी खाऊ नये असे मी म्हणत नाही. जेवणाआधी काकडी खाल्ली तर पोट काहीसे भरते, पुढचे दोन घास कमी जातात, आणि ज्यांना दोन घास कमी जाण्याची गरज आहे त्यांनी ती जरूर खावी. मात्र आमच्या घरची कोशिंबीर दाण्याचे कूट घातल्याशिवाय आणि तुपाची फोडणी दिल्याशिवाय होत नाही. एका मोठ्या चमच्याएवढ्या कुटातच काकडीच्या चौपट उष्मांक असतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजाने केली, त्याला हा हिशेब निराळा शिकविण्याचे कारण नाही.

आणखी एक गंमत नोंदवून ठेवतो. आमच्या या गिरगाव भागातील जुन्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर ‘आरोग्य भुवन’, ‘हेल्थ होम’ अशी नावे असत. तिथे मिळे मिसळ, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, पियूष. पोटभर खाणे म्हणजे आरोग्य असा सरळ अर्थ त्या नावांमागे होता, कारण ती पाटी वाचणारा कारकून, छापखान्यातला खिळे जुळविणारा किंवा गोदीतला माणूस दिवसभर राबून आलेला असे. आता ‘आरोग्य’ या शब्दाचा बाजारभाव उलटला आहे. जे अन्न काहीच देत नाही ते सर्वांत महाग.

पण मूळ प्रश्न उरतोच. मिळते त्याहून अधिक खर्च करायला लावणारे अन्न जगात आहे की नाही? माझे उत्तर असे की आहे. मात्र खाणारा एक असतो आणि जळणारा दुसरा. साठ किलो वजनाचा माणूस सपाटीवर एक किलोमीटर चालला तर सुमारे पन्नास उष्मांक खर्च होतात. दोनशे ग्रॅम काकडी व सेलरीच्या वाडग्यात उष्मांक तीस. हा वाडगा एखाद्या पोऱ्याने किलोमीटरभर चालत आणून, चाळीचे तीन जिने चढून दारात दिला, की त्या अन्नाचा हिशेब खरोखरच उणे झाला. फक्त तो त्या पोऱ्याच्या शरीरात झाला. पत्रकात त्याचे चित्र नव्हते.

हा विनोद नव्हे. माणसाला अन्नाच्या मोबदल्यात अन्नाहून अधिक झिजविण्याचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्याच दख्खनच्या भूमीवर झालेला आहे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. व्हाइसरॉय लिटन याने सर रिचर्ड टेंपल याला दुष्काळी भागाच्या पाहणीसाठी धाडले. याच टेंपलने १८७४ साली बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने धान्य वाटले होते आणि त्या उधळपट्टीबद्दल वरिष्ठांकडून बोलणी खाल्ली होती. आता त्याला काटकसरीची कीर्ती हवी होती. १८७७ च्या आरंभी त्याने ठरविले की दुष्काळी कामावरील प्रौढ पुरुषाला दिवसाला एक रतल धान्याची किंमत आणि वर मीठमिरचीला अर्धा आणा एवढे पुरे आहे. शिवाय धडधाकट माणसाला घराजवळच्या कामावर घ्यायचे नाही, दहा मैलांच्या पलीकडे पाठवायचे, म्हणजे खरा गरजू तेवढा येईल.

एक रतल म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. ज्वारी असो की तांदूळ, त्याचे होतात जेमतेम साडेपंधराशे ते सोळाशे उष्मांक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे ६५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २११० उष्मांक लागतात आणि कष्टाचे काम करणाऱ्याला ३४७०. दुष्काळात सापडलेला शेतकरी ६५ किलोचा नव्हता, हे मान्य. त्याची गरज चौथ्या हिश्श्याने कमी धरली तरी खडी फोडणाऱ्या त्या माणसाची दररोज हजार उष्मांकांची तूट राहतेच. ती तूट त्याने स्वतःच्या स्नायूंतून भरून काढली. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी सरकारी नोकरीत राहून या मजुरीला कडाडून विरोध केला. त्या वेळी उष्मांकांची कोष्टके तयार नव्हती. अॅटवॉटरचे अमेरिकेतील प्रयोग पुढे १८९० च्या दशकात झाले. पण कामावरून परतणाऱ्या माणसांच्या बरगड्या मोजायला कोष्टक लागत नाही. आपल्याकडे पुण्याची सार्वजनिक सभा अर्जांमागून अर्ज आणि दुष्काळी भागातील वृत्तान्त सरकारकडे पाठवीत राहिली. आणि दख्खनच्या जिल्ह्यांतील हजारो मजुरांनी, कोणत्याही संघटनेची पावती फाडलेली नसताना, या मजुरीवर काम करण्यापेक्षा ते सोडून जाणे पत्करले. उपाशी माणसाने काम नाकारणे याला आळस म्हणणारे तेव्हाही होते. माझ्या मते या प्रांतातला वजाबाकीचा तो पहिला बिनचूक हिशेब होता. मजुरांनी तो शरीराने केला. टेंपल त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला.

या घटनेला दीडशे वर्षे होत आली, मग ती आज कशाला उकरून काढायची, असे कोणी म्हणेल. कारण मोजण्याची ती रीत संपली नाही. १९२१-२२ मध्ये मुंबईच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि फिंडले शिरस यांनी १९२३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. परळ-लालबागच्या गिरणगावाची ती भरभराटीची वर्षे. अहवालाचा निष्कर्ष असा की कामगार जेवढे धान्य खातो ते दुष्काळ-संहितेने मंजूर केलेल्या कमाल शिध्याइतके आहे, परंतु मुंबईच्या तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या आहाराहून कमी आहे. हा निष्कर्ष काढणारा माणूस क्रांतिकारक नव्हता, सरकारी अधिकारी होता. साच्यावर दहा-दहा तास उभे राहणाऱ्या माणसाला चोरी करून तुरुंगात गेल्यास बरे जेवायला मिळेल, असे सरकारच्याच अहवालातून निघत होते.

स्वातंत्र्यानंतर एक चांगली गोष्ट घडली आणि तिचे श्रेय कामगार चळवळीला दिले पाहिजे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाची व्याख्या केली. आहारतज्ज्ञ डॉ. अॅक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसामागे २७०० उष्मांक, कुटुंबामागे तीन उपभोग-घटक, वर्षाला बहात्तर वार कापड, घरभाडे, इंधन. सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मान्य केलेला हा आकडा होता. पाळला किती गेला हा भाग वेगळा. पण मागणी करायला पायाखाली जमीन तरी मिळाली. त्यातली उणीव मी त्याच वेळी सांगून टाकतो. त्या तीन घटकांत कामगार एक, दोन मुले मिळून १.२ आणि पत्नी ०.८ अशी मांडणी होती. म्हणजे बाईच्या वाट्याला २१६० उष्मांक. कष्टाचे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला २७२० लागतात, असे परिषदेचा २०२० चा तक्ता सांगतो. बैठ्या पुरुषापेक्षा सहाशेहून अधिक. पाणी भरणे, लाकूडफाटा, रोवणी, खुरपणी आणि त्याच्या आगेमागे चूल, हे कष्ट नव्हेत असे पुरुषांच्या परिषदेने गृहीत धरले, आणि त्यात आमचे लोकही होते.

आता महाराष्ट्रात या विषयावर झालेल्या सर्वांत गाजलेल्या वादाकडे येतो. १९७१ साली प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा ग्रंथ आला. माणशी दररोज २२५० उष्मांक मिळण्यास जेवढा खर्च लागतो ती दारिद्र्याची रेषा, असे त्यांनी धरले. १९६०-६१ च्या किमतींनी ग्रामीण भागात महिना पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस. त्या मोजमापाने खेड्यांतील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक रेषेखाली निघाले. मी अर्थशास्त्र शिकू लागलो तेव्हा हा ग्रंथ आम्हाला पाठ्यपुस्तकासारखा होता. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण २४०० आणि शहरी २१०० असे आकडे घेतले.

या पद्धतीवर हल्ला केला तो डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातील बुधचे सुपुत्र, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे दीर्घकाळ प्रमुख. पुण्यास परतल्यावर त्यांनी असे मांडले की माणसाची उष्मांकांची गरज स्थिर नसते, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण भुकेला मानणे चूक आहे. रेषा खाली आणली की गरिबांची संख्याही आपोआप उतरते. दांडेकरांनी १९८१ साली त्यांना उत्तर दिले आणि तो वाद बरीच वर्षे चालला.

सुखात्मे गरिबांचे वैरी होते, असे मी म्हणणार नाही, आणि आपल्या काही मित्रांनी त्या वेळी तसे म्हटले हा अन्याय होता. त्यांच्या विवेचनाचा अर्धा भाग आजही मोलाचा आहे. नुसते धान्य देऊन भागत नाही, दूषित पाणी, अतिसार आणि जंत यांनी खाल्लेले वाया जाते, असे ते पुनःपुन्हा सांगत. हे सोळा आणे खरे. तापात शरीराचा खर्च दर अंशाला दहा टक्क्यांहून अधिक वाढतो, आणि जुलाबात मिळकत घटते. घाणेरड्या पाण्यात शिजलेले किंवा धुतलेले अन्न हेच एका अर्थी खाणाऱ्याला तोट्यात घालणारे अन्न होय, आणि ते हस्तपत्रकातल्या यादीत कधी येत नाही. पण त्यांच्या विवेचनाचा दुसरा अर्धा भाग राज्यकर्त्यांनी उचलला. शरीर ‘जुळवून घेते’ म्हणजे काय करते? मूल असेल तर वाढ थांबविते. प्रौढ असेल तर हालचाल कमी करते. खेळत नाही, बसून राहते, काम हळू करते. याच सुमारास डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ‘लहानखुरे पण निरोगी’ असा एक सिद्धान्त काढला. आधी अर्धपोटी ठेवून माणूस लहान करायचा, मग लहान माणसाला कमी पुरते म्हणून रेषा खाली ओढायची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. ही मुले उद्या खाणाऱ्यांच्या तक्त्यात ‘कमी गरज असलेले प्रौढ’ म्हणून दाखल होतील.

काम हळू होण्याचा मुद्दा आमच्या रोजगार हमीशी थेट जोडलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. मुंबईत रेशनवर तांबडा मिलो मिळे आणि त्याची भाकरी गिळवत नसे, एवढीच आम्हाला त्या दुष्काळाची झळ. महाराष्ट्रभर मात्र १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातली बरीच खडी फोडीत होती, आणि त्यांना सुकडी वाटावी लागली, कारण नुसत्या मजुरीत अंग धरेना. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याने लागू झालेली रोजगार हमी ही या राज्याने देशाला दिलेली मोठी देणगी आहे, तिचा मला अभिमान आहे. मुंबईतील पगारदाराच्या व्यवसाय करातून तिचा खर्च चाले याचाही आहे. पण मजुरी मोजमापावर होती. सर्वसाधारण माणसाने सात तास नेटाने काम केल्यास शेतमजुराच्या किमान वेतनाइतकी मजुरी पडावी, असे दर बांधलेले. हा ‘सर्वसाधारण माणूस’ कोण? पोटभर जेवलेला. महिनाभर अर्धपोटी असलेल्या बाईचा खड्डा सात तासांत तेवढा खोल जात नाही. मजुरी कमी पडते, त्यामुळे धान्य कमी येते आणि दुसऱ्या दिवशी खड्डा आणखी उथळ होतो. पार्थ दासगुप्त आणि देवराज राय यांनी १९८६-८७ मध्ये हेच चक्र गणिताने मांडून दाखविले. जमीन नसलेला माणूस अशक्त म्हणून कामाबाहेर फेकला जातो आणि कामाबाहेर म्हणून अशक्त राहतो. त्या बाईला ते गणिताशिवाय ठाऊक होते.

साधा हिशेब मांडून पाहा. बैठ्या आणि कष्टाच्या कामातील पुरुषाच्या गरजेचा फरक परिषदेच्या तक्त्यानुसार १३६० उष्मांक. मध्यम आकाराच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे २२० उष्मांक असतात. म्हणजे रोजच्या सहा भाकऱ्या केवळ कामात जळतात. त्या सहा भाकऱ्या मजुराच्या पोटात गेल्या तरी त्याच्या नव्हेत. यंत्राला घातलेल्या तेलासारख्या त्या कामाच्या खर्चात धरायला हव्यात, आणि मालकाने किंवा सरकारने त्यांची किंमत मजुरीच्या आधी मोजायला हवी. प्रत्यक्षात होते असे की त्या सहा भाकऱ्यांची किंमत मजुरीतून जाते आणि उरलेल्यात बायकामुले, औषध, शाळा. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला मिळणारे पाच किलो धान्य दिवसाला दोन-अडीच भाकऱ्यांएवढे होते. ते आवश्यक आहे, आणि ते बंद करू पाहणाऱ्याशी आपण लढले पाहिजे. पण त्याने कामाच्या भाकऱ्यांचाही निम्मा हिशेब मिटत नाही.

आता आजच्या मुद्द्यावर येतो. जानेवारी २०१९ मध्ये अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने राष्ट्रीय किमान वेतनासंबंधी अहवाल दिला. तिने दररोज ३७५ रुपयांची शिफारस केली, म्हणून आपल्यापैकी अनेकांनी तिचे स्वागत केले. सरकारने त्या वर्षी फक्त दोन रुपयांची वाढ करून १७६ चे १७८ केले, म्हणून आपण संतापलो. दोन्ही योग्य. पण त्या गडबडीत एक गोष्ट नजरेतून निसटली. समितीने १९५७ चा २७०० उष्मांकांचा आकडा खाली आणून २४०० केला. कारण असे की देशात कष्टाच्या कामाचे प्रमाण घटले आहे, बैठे आणि मध्यम काम वाढले आहे. समितीने प्रथिने आणि स्निग्धांश यांचे वेगळे प्रमाण सांगितले, हे स्वागतार्ह. उष्मांक मात्र कापले.

या कारणाला वजन आहे, ते झटकून टाकता येणार नाही. जाँ ड्रेझ आणि अँगस डीटन यांनी २००९ साली दाखविले होते की भारतात माणशी उष्मांकसेवन अनेक वर्षे घटत आले आणि त्याचे एक संभाव्य कारण शरीरकष्ट कमी होणे हे असू शकते. ड्रेझ यांच्या हेतूबद्दल तर आपल्या गोटात कोणी शंका घेणार नाही. माझ्या आजीने जात्यावर दळले, माझ्या आईने गिरणीतून दळून आणले. ही मुक्ती आहे, आणि समाजवाद्याने जात्याच्या ओव्यांचे गुणगान करून ती परत मागू नये. परंतु देशाची सरासरी घटली म्हणून किमान वेतनाचा आकडा घटवावा, हे तर्कशास्त्र कुठले? किमान वेतन सरासरी माणसासाठी नसते. ते ज्याच्याजवळ अंगमेहनतीखेरीज विकायला काही नाही त्याच्यासाठी असते. संगणकासमोर बसलेला बैठा झाला, म्हणून मस्जिद बंदरच्या माथाड्याच्या पाठीवरचे पोते हलके झाले काय?

आमच्याच वाडीचे उदाहरण घ्या. चाळी पाडून मनोरे उठले, उद्वाहने आली. काम हलके झाले असे वरून दिसते. ज्या बाई आमच्याकडे कामाला येतात त्या नालासोपाऱ्याहून पहाटे निघतात, गाडीत बहुधा उभ्या राहून चर्नी रोडला उतरतात, सात घरे करतात, त्यांतली चार जुन्या चाळींत, जिथे जिन्याला पर्याय नाही. सकाळचा चहा आणि दोन पाव यांवर दुपारचा एक वाजतो. तक्त्यात त्यांचे काम ‘घरगुती सेवा’ या सदरात, म्हणजे मध्यम. उभे राहून केलेला दीड-दोन तासांचा प्रवास आणि परतीचा तेवढाच हा कोणत्याच सदरात नाही, कारण तो मालकाच्या वेळात होत नाही. टेंपलच्या दहा मैलांची आठवण मला येते ती उगीच नव्हे. तेव्हा मजुराला गावापासून दूर धाडण्याचा नियम होता. आज जागेचे भाव ते काम करतात.

लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा आहे, आणि गिरणगावभर व्यायामशाळा निघाल्या आहेत, जिथे लोक पैसे मोजून एका जागी धावतात. धावोत बापडे, बैठ्या नोकरीने येणारे आजार खरे आहेत आणि त्यांची टवाळी मी करणार नाही. पण एकाच भूमीवर एका पिढीचे उष्मांक मजुरीपेक्षा अधिक जाळले गेले, आणि पुढच्या पिढीला ते जाळण्याचे शुल्क भरावे लागते, यातली व्यवस्था आपल्या तरुण सहकाऱ्यांना दिसत नसेल तर आमच्या अभ्यासवर्गांतच काही चुकले आहे.

२०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या कलमांत उष्मांकांचा आकडा नाही. तो नियमांवर सोपविलेला आहे. केंद्राच्या आधीच्या मसुदा नियमांत २७०० हाच आकडा होता, ही समाधानाची बाब. पण जो आकडा नियमात असतो तो एका अधिसूचनेने बदलता येतो, आणि तो बदलण्याचे कारण सत्पथी समितीने आधीच लिहून ठेवले आहे. म्हणून २७०० च्या खाली एक उष्मांकही नाही, बाईचा घटक ०.८ नव्हे तर एक, आणि येण्याजाण्याचे श्रम कामाच्या श्रमात धरले पाहिजेत, या तीन मागण्या किमान वेतन ठरविणाऱ्या मंडळासमोर आणि संघटनेच्या प्रत्येक निवेदनात आल्या पाहिजेत. त्यासाठी पुरावा लागेल, आणि तो सरकारी पाहणीत मिळणार नाही.

तेव्हा शाखेतील त्या तरुण मित्राला मी काम दिले आहे. हस्तपत्रकाची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर आम्ही दोघांनी प्रश्न लिहून काढले. घरातून किती वाजता निघता? पाणी किती अंतरावरून भरता? गाडीत बसायला जागा मिळते का? दिवसात किती जिने चढता, किती वजन घेऊन? पहिला घास किती वाजता? ठाकूरद्वार, फणसवाडी, झावबावाडी या भागांत काम करणाऱ्या पन्नास बायका, हमाल आणि घरपोच सामान पोहोचविणारी मुले यांच्याकडून महिनाभरात हे भरून आणायचे. इतर शाखांना नमुना हवा असल्यास त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. प्रती काढून ठेवल्या आहेत.